वायरवाली

कंटाळवाणा तास सुरू झाला की आमची वायरवाली हळूच हात छातीशी नेई, ब्लाउजला स्वतः शिवलेल्या खिशातलं यंत्र बंद करी आणि पुढचा पाऊण तास सरांच्या तोंडाकडे एकटक बघत बसे. सर खूश होत. एवढं मन लावून ऐकणारी विद्यार्थिनी सगळ्या डी.एड. कॉलेजात नाही, असं ते दोनदा भर वर्गात म्हणाले होते. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी कोपराने ढोसून तिला यंत्र चालू करायला लावलं. तिने ऐकलं, उठून नमस्कार केला, बसली आणि पुन्हा बंद केलं.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नगरला सावेडीत आम्ही दोघी एका खोलीत भाड्याने राहत होतो. ती कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावची. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही कान अधू झाले होते. काड्यापेटीहून थोडं मोठं यंत्र, त्यात एक पेन्सिल सेल, आणि यंत्रातून निघून मानेवरून कानात जाणारी पांढरी वायर, अशी तिची व्यवस्था होती. पहिल्या दिवशी ट्रंक खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, “मी वायरवाली. नाव नंतर विचारलं तरी चालंल.” मी हसले. पुढे सगळं कॉलेजच तिला वायरवाली म्हणायला लागलं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

वर्गात तिच्यासारखं शिकवणारी आमच्यात कुणी नव्हती. फळ्यावर लिहिताना ती बोलत नसे. लिहून झालं की वळायची, मुलांकडे तोंड करायची, मग बोलायची. “फळ्याशी बोलणारे गुरुजी मला शाळाभर मुके वाटले,” असं तिने मला सांगितलं होतं. एखाद्या मुलाने हळू उत्तर दिलं तर ती त्याच्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसे आणि म्हणे, “परत सांग बरं.” त्यामुळे एरवी तोंड न उघडणारी मुलंसुद्धा तिच्या तासाला बोलायची. आपलं बोलणं ऐकायला बाई एवढ्या जवळ येतात, याचंच त्यांना अप्रूप असे.

आमच्या कॉलेजात एक टीव्ही होता, कुलपात. एक संगणकही होता, फुलाफुलांच्या आवरणाखाली. उद्याच्या शाळेत यंत्रंच शिकवतील, शिक्षकाने फक्त बटण दाबायचं, असं आमचे एक सर मोठ्या उत्साहाने सांगत. त्यांनी यावर निबंध लिहायला दिला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी विज्ञानयुगाचे गोडवे गायले. वायरवालीने दीड पानच लिहिलं. ते मी वाचलं होतं. तिने लिहिलं होतं, की यंत्र नसतं तर मी इथवर आले नसते, त्यामुळे यंत्राला नावं ठेवणं मला शोभणार नाही. पण माझं यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, बाईंचाही आणि पडलेल्या भांड्याचाही. त्यातलं कोणतं ऐकायचं, हे मला माझ्या आईने समोर बसून शिकवलं. शेवटी एक वाक्य होतं: ‘टीव्हीतल्या बाईंना परत सांगा म्हणता येत नाही.’ सरांनी तिला दहापैकी चार गुण दिले. विषय समजलेला नाही, असा शेरा मारला.

दुसऱ्या वर्षी आमचे सराव पाठ शहराबाहेरच्या एका गावातल्या शाळेत होते. माझ्या पाठाला खुद्द प्राचार्या मॅडम यायच्या होत्या. चौथीला पक्ष्यांचा पाठ. मी भावाकडून छोटा टेपरेकॉर्डर आणला होता आणि पक्ष्यांच्या आवाजांची कॅसेट. नगरच्या कुठल्याही छात्राध्यापिकेने असा पाठ घेतला नसेल, या आनंदात मी होते. सकाळी शाळेत पोचलो तर वीज गेलेली. टेपला चार पेन्सिल सेल लागत. माझ्या पिशवीत तीन निघाले. गावातलं दुकान अजून उघडायचं होतं. मी रडकुंडीला आले.

वायरवालीने माझ्याकडे पाहिलं, खिशातून यंत्र काढलं आणि त्यातला सेल माझ्या हातावर ठेवला. “एकच लागतोय ना? घे. माझा तास सुट्टीनंतर हाय. तवर दे म्हंजे झालं.”

पाठ उत्तम झाला. कोकिळेचा आवाज आला तेव्हा मुलं जागच्या जागी उड्या मारायला लागली. मॅडमनी सगळ्या छात्राध्यापिकांना वर्गात बोलावलं आणि मला कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. मी लावली. मग तिसऱ्यांदा लावली. तेवढ्यात सुट्टी संपली आणि दारात वायरवाली दिसली. तिने कानावर बोट ठेवून मला खूण केली. सगळ्या माझ्याभोवती उभ्या होत्या, मॅडम माझ्या पाठीवर हात ठेवून बोलत होत्या. मी तिला हातानेच ‘थांब’ म्हटलं. ती थोडा वेळ थांबली. मग गेली.

दुसरीच्या मुलांना घेऊन तिला परिसराच्या तासासाठी रस्त्यापलीकडची झाडं दाखवायला जायचं होतं. मुलं रांगेत, ती पुढे. निघताना तिने बजावलं होतं, रस्त्यावर मी सांगितल्याशिवाय कुणी रांगेतून हलायचं नाही. मागून टेम्पो आला. त्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. मुलं थांबली आणि बाईंकडे बघत राहिली. बाई पाठमोऱ्या चालत होत्या. टेम्पोवाल्याने शेवटच्या क्षणी गाडी बाजूला घेतली, तरी रांगेच्या टोकाची एक मुलगी सापडलीच. मांडीचं हाड मोडलं होतं. वायरवालीने तिला उचललं आणि त्याच टेम्पोत बसून नगरच्या दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. सोबत म्हणून मी गेले होते. मॅडम रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या.

“मशीन बंद का होतं?”

“सेल नव्हता, मॅडम.”

“का नव्हता?”

मी तिच्या शेजारीच उभी होते. माझ्या पिशवीत टेप होता आणि टेपमध्ये तिचा सेल होता. माझ्या पाठाच्या वहीत मॅडमनी लाल शाईने ‘अत्युत्कृष्ट’ लिहिलं होतं. मी बोलेन म्हणून ती क्षणभर थांबली की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. मी बोलले नाही.

“संपला होता,” ती म्हणाली.

खोलीवर आल्यावर मी रडले. उद्या सगळं सांगते, म्हणाले. ती ट्रंक भरत होती. “काय सांगशील? सेल मी दिला. मशीन नसताना पोरं रस्त्यावर न्यायची, हे बी मीच ठरवलं. तू कुठं आलीस त्यात?” मग ती घड्या घालायची थांबली. “पोरं माझं ऐकत हुती म्हणून थांबली गं ती. न ऐकणारी पोरं असती तर पळाली असती.”

कॉलेजने तिला काढलं नव्हतं. चौकशी होईपर्यंत घरी जा, एवढंच सांगितलं होतं. ती परत आलीच नाही. मॅडमनी दोन पत्रं पाठवली. तिने एकाला उत्तर दिलं, की मला वर्गात उभं राहवणार नाही. आणि मी दुसऱ्या दिवशी काही सांगितलं नाही. परीक्षेनंतरही नाही. मला पहिला वर्ग मिळाला आणि सोनईकडच्या एका शाळेत नोकरीही लागली.

ती गावातल्या अंगणवाडीत मदतनीस झाली. खिचडी शिजवायची, मुलांना घरून आणायचं, हात धुवायचे. तिची पत्रं येत, वर्षातून दोन-तीन. एकदा तिने लिहिलं होतं, ‘इथली पोरं पदर ओढून बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.’ अपघाताबद्दल तिने कधी काही लिहिलं नाही. मीही नाही.

चौथ्या वर्षी तिच्या अंगणवाडीच्या बाईंचं पत्र आलं. वायरवालीला कावीळ झाली होती, उशिरा कळली, पंधरा दिवसांत ती गेली. मी रजा काढून कर्जतची एस.टी. धरली.

घरात तिची आई एकटीच होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली लेकीचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा छोटा फोटो. आईंनी मला ओळखलं. “तुमीच ना त्या? लई सांगायची तुमचं. तुमची पत्रं मला वाचून दावायची. माजी मैत्रीन मास्तरीन झाली म्हनायची.” त्या वाक्यापुढे मला बसवेना. मी सगळं सांगितलं. सेल, कॅसेट, दारातली खूण, मॅडमची खोली. काहीही न वगळता सांगितलं. आई चुलीकडे बघत ऐकत होत्या.

“तिनं मला ह्यातलं काय सांगितलं न्हाई,” त्या म्हणाल्या. रागाने नाही, समजुतीनेही नाही. मग माझ्याकडे वळल्या. “ती पोर चालती का आता?”

मला प्रश्नच कळला नाही.

“टेम्पोखाली आल्याली. तिला त्याचाच लई घोर हुता. तापात बी तेच. चालत असंल का गं आई, चालत असंल का. तुमी तिकडच्याच. चालती का?”

मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी माझ्या अपराधाचा विचार केला होता, त्या मुलीचा एकदाही केला नव्हता. मी मान खाली घातली. आईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि त्या बाहेर जाऊन बसल्या.

पुढच्या रविवारी मी त्या गावात गेले. घर शोधायला वेळ लागला नाही. मुलगी आता सहावीत होती. मी दाराशी थांबले आणि पाणी मागितलं. ती आतून तांब्या घेऊन आली. एक पाय किंचित ओढत होती, पण झपझप आली आणि पाणी न सांडता आली. त्या बाई आठवतात का, असं मी विचारलं. म्हणाली, “त्या दवाखान्यात माझ्याजवळ बसल्या हुत्या. त्यांना मी म्हणलं हुतं, परत या.”

त्याच दिवशी स्टँडवर बसून मी आईंना कार्ड लिहिलं. ‘ती चालते. थोडी लंगडते. शाळेत जाते.’ आणखी काही लिहायचं सुचेना. पत्ता घातला आणि कार्ड पेटीत टाकलं. टाकल्यावर लक्षात आलं, की आईंना वाचता येत नाही, आणि पत्र वाचून दाखवणारी त्या घरात आता कुणी नाही.