बुडीत रेषेवरचे ट्रेसरसाहेब

धरणाच्या पुनर्वसनाचं काम घेतलेल्या ठेकेदाराने माझ्या वडिलांना फसवलं. आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून पुरतात आणि वर समाधी बांधतात. जुनं गाव पाण्याखाली जाणार म्हणून माझ्या आईची समाधी उचलून नव्या गावात नेण्याचं काम त्या ठेकेदाराकडे होतं. त्याने नव्या गावात एक ओटा बांधला, 'नेली' असं लिहून दिलं आणि वडिलांची सही घेतली. त्याने तिला नेलंच नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मी रिकाम्या ओट्यावर बेल वाहिला.

हे मला ज्यांच्यामुळे कळलं त्या माणसाने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरी समुद्राच्या तळाशी बुडालेली जहाजं कशी मोजायची, हे ते परळीत, माझ्या दुकानाच्या माडीवर बसून शिकले. आम्ही त्यांना ट्रेसरसाहेब म्हणायचो. साहेब ते कधीच नव्हते. धरणाच्या कार्यालयात दुसऱ्यांनी काढलेले नकाशे शाईने गिरवून द्यायचे, एवढीच त्यांची नोकरी. पण सदऱ्याच्या खिशाला चार पेन्सिली आणि हातात मोजपट्टी असलेल्या माणसाला मोंढ्याच्या बाजारात साहेबच म्हणतात.

माझा धंदा बारदान्याचा, म्हणजे जुन्या पोत्यांचा. फेरीवाल्यापासून सुरुवात करून मी दुकान केलं आणि वर माडीवर सहा कॉम्प्युटर ठेवून नेट कॅफे काढला. रिटायर झाल्यावर ट्रेसरसाहेब रोज दुपारी तिथे यायला लागले. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचा फुकट ऑनलाइन कोर्स, विषय पाण्याखालचं पुरातत्त्व. इंग्रजी व्हिडिओ दर अर्ध्या मिनिटाला थांबवायचे, शब्द वहीत लिहायचे, डिक्शनरी बघायचे, मग पुढे. वीज आमच्या गावात तयार होते आणि भारनियमनही आमच्याच गावात, त्यामुळे एक धडा कधीकधी तीन दिवस चालायचा.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्यासमोर वही घेऊन उभे राहिले. "शेठ, काल दोन तास बसलो. त्यातली एकतीस मिनिटं पडद्यावर नुसती चकरी फिरली. ती परत द्या."

"चकरी मी फिरवतो का?"

"मी पण न्हाई फिरवत. मग अर्धी-अर्धी."

मी ओरडलो, टेबलावर हात आपटला. ते शांतपणे पेन्सिलीला टोक करत राहिले. शेवटी मला सोळा मिनिटं सोडावी लागली. परळीत माझ्याशी घासाघीस करून जिंकलेली माणसं दोनच. पहिली माझी बायको.

पाण्याखाली कागद चालत नाही म्हणून त्यांनी सनमाइकाचा पांढरा तुकडा घासून खरखरीत केला आणि त्याला दोरीने पेन्सिल बांधली. पाण्याने भरलेल्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवून ते त्यावर लिहून बघत. खाली पोती मोजणारे हमाल खदखदायचे. "साहेब, बादलीत जहाज बुडालं की काय?"

"बुडालं तर आधी मोजू, मग काढू," ते पाण्यातून हात न काढता म्हणायचे.

हे त्यांचं रोजचंच बोलणं होतं. हलवण्याआधी मोजा. वस्तू जिथे सापडते ती जागा हीच तिची अर्धी किंमत, हे त्यांनी मला समजावायचा फार प्रयत्न केला. मी जुना माल घेणारा-विकणारा माणूस. जागचं हलवल्याशिवाय माझा धंदाच होत नाही. एकदा खिडकीच्या कडेवर बसलेल्या औष्णिक केंद्राच्या राखेत त्यांनी बोटाने दोन टिंबं काढली. "ही न हलणारी खूण एक, ही दोन. पहिलीपासून टेपाने गोल फिरवा, दुसरीपासून गोल फिरवा. दोन्ही गोल जिथं कापतात तिथं तुमची वस्तू. पाणी किती का गढूळ असंना."

"समुद्र हाय कुठं पण इथं?" मी विचारलं.

"बुडालेलं पाहिजे शेठ. समुद्रच पाहिजे असं न्हाई."

कोर्सच्या शेवटी एका बुडालेल्या जागेचा नकाशा काढून पाठवायचा होता. ते दुष्काळाचं वर्ष होतं. मे महिन्यात धरण इतकं आटलं की आमच्या जुन्या गावाची वेस आणि पायऱ्यांची बारव उघडी पडली. एका दुपारी ट्रेसरसाहेब माडीवर न जाता माझ्या गादीसमोर येऊन बसले.

"शेठ, तुमच्या जुन्या गावची रुद्रभूमी कुठं होती?"

"होती नदीच्या अंगाला. आता तिथं काय हाय? समाध्या सगळ्या नव्या गावात आणल्या की."

त्यांनी खिशातल्या पेन्सिली काढून गादीवर ठेवल्या. मग म्हणाले, "आणल्या असा नकाशा मी काढला. ठेकेदारानं कच्चा कागद दिला, मी तो गिरवला. सतरा चौकोन होते. सतराही एका मापाचे. शेठ, समाध्या काय साच्यातून निघतात? मी वरच्या साहेबाला विचारलं. तो म्हणाला, तुझं काम गिरवायचं. मी गिरवलं."

"आन् हे तुमी आज सांगताय?" मी उठून उभा राहिलो. "अठ्ठावीस वर्षं गप कावून बसला?"

"नोकरी होती. नंतर लाज होती."

मी त्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही. मोंढ्यातली चार दुकानं गोळा झाली होती. ते दुकानाच्या पायऱ्या उतरून गेले आणि चार दिवस आले नाहीत.

पाचव्या दिवशी थोरली बहीण आली. तिला आम्ही आक्का म्हणतो. सगळं ऐकून ती म्हणाली, "पोत्यामागं चार आण्यासाठी भांडतोस, आन् आपल्याला रिकामा ओटा दिला तर तुला पत्ता न्हाई! ओरडून झालं असंल तर त्या मास्तराला बोलाव. बघून तर येऊ."

"मास्तर न्हाईत ते, ट्रेसर हायेत."

"जे असंल ते. बोलाव."

आम्ही तिघं भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. रुद्रभूमीच्या जागी सपाट काळा गाळ होता, बाकी काही नाही. ट्रेसरसाहेब मात्र कामाला लागले. त्यांनी आक्काला विचारलं, "समाधीच्या ओल्या चुन्यावर पाणी कोण मारायचं?"

"मीच. बारवेवरनं घागर आणायची. एकशे चाळीस पावलं. रोज मोजायची, रडू येऊ नये म्हणून."

"वय?"

"चवदा."

"घागर भरलेली. म्हणजे पाऊल आखूड." त्यांनी वहीत आकडा लिहिला. "शेठ, तुमचं काय?"

मला वेशीपासूनचं आठवत होतं. आईला पुरायला नेलं त्या दिवशी वडिलांनी मला वेशीत थांबवलं होतं. मी ऐकलं नाही, मागून पळालो, आणि पळताना पावलं मोजली. दोनशे दहा.

त्यांनी एक टेप बारवेच्या कठड्यापासून ओढला, दुसरा वेशीच्या दगडापासून. गाळावर काठीने दोन मोठे गोल ओढले. गोल दोन ठिकाणी कापले; त्यातलं नदीच्या अंगाचं ठिकाण धरून तिथे काठी रोवली आणि म्हणाले, "चूक चार हातांची धरा." मग खुरप्याने, हळूहळू, गाळ बाजूला करायला लागले. दोन वेळा हुकलं. तिसऱ्या खेपेला गुडघाभर खाली चुन्याची कड लागली. आक्काने पाणी ओतून हाताने पुसली. चुन्यात हिरव्या काचा होत्या. आई सवाष्ण गेली होती. तिच्या बांगड्यांचे तुकडे आक्कानेच ओल्या चुन्यात दाबले होते.

ट्रेसरसाहेब चारही बाजूंनी बोट फिरवत गेले. "सांधा कुठंच फुटलेला न्हाई. हिला कुणी हात लावलेला न्हाई."

मी खिशातून मोबाईल काढला आणि ओळखीच्या जेसीबीवाल्याला फोन लावला. पाणी परत चढायच्या आत तिला काढून नव्या गावात न्यायची, आजच्या आज. ट्रेसरसाहेब, जे कधी आवाज चढवत नसत, माझ्या आणि समाधीच्या मधे उभे राहिले.

"ठेवा फोन."

"आई माझी हाय!"

"म्हणूनच. इतकी वर्षं पाण्यानं हिला हलवलं न्हाई, त्या ठेकेदारानं हलवलं न्हाई. आता पहिलं फावडं तुमी मारणार का?"

पलीकडून जेसीबीवाला "हॅलो, हॅलो शेठ" करत होता. मी फोन बंद केला.

आता जे सांगतो ते मी तोवर आक्कालाही सांगितलं नव्हतं. ठेकेदाराने तेव्हा वडिलांना सांगितलं होतं, "चांगल्या पोत्यात बांधून आणलं, काळजी करू नका." मी ते ऐकलं होतं. नंतर जन्मभर पोत्यांचा धंदा केला आणि गठ्ठा सोडताना कित्येकदा मनात यायचं, कसल्या पोत्यात घातलं असेल तिला? कुणी उचललं असेल, कसं टाकलं असेल? त्या दुपारी गाळात बसल्या बसल्या ते सगळं गळून पडलं. पोतं नव्हतंच. पहार नव्हती, गाडी नव्हती. आमच्या पुरोहिताने, जंगमाने, बसवली तशी ती बसलेली होती. मी लहान मुलासारखा रडलो, आणि मला इतकं हलकं वाटलं की ठेकेदाराला शिवी द्यायचीसुद्धा राहून गेली. आक्काने भस्म लावलं, बेल वाहिला. मग तिघांनी मिळून गाळ परत लोटला.

ट्रेसरसाहेब पुढचे अकरा दिवस तिथे जात राहिले. सतराच्या सतरा समाध्या त्यांनी शोधल्या, मोजल्या आणि पुन्हा झाकल्या. एकही हललेली नव्हती. नकाशा माझ्याच माडीवरून स्कॅन करून पाठवला. प्रमाणपत्र आलं, तेव्हा मी मोंढ्यात पेढे वाटले. ते म्हणाले, "शेठ, चकरीची मिनिटं वसूल झाली." त्या पावसाळ्यात धरण भरलं. एरवी पाणी चढल्याची बातमी आली की बुडालेलं गाव आठवून मला झोप लागायची नाही. त्या वर्षी मी रात्री निवांत झोपलो.

पुढच्या वर्षी ते छातीच्या दुखण्याने गेले. जायच्या आधी मूळ नकाशा मला दिला. म्हणाले, "हा मी बघून काढलाय." चुकीचा कागद गिरवल्याबद्दल त्या माणसाने साठीनंतर परक्या भाषेत एक नवी विद्या शिकून उत्तर दिलं. माझ्याकडून त्यांचा हिशेब पुरा झाला.

ठेकेदाराचा झालेला नाही. तो जिवंत आहे, पुढारी झाला आहे, चौकातल्या फलकांवरून हात जोडतो. नकाशा माझ्या दुकानात गादीच्या मागे काचेत लावलेला आहे. त्यावर सतरा चौकोन आहेत, कुठलेही दोन एका मापाचे नाहीत. त्याने यावं, सतरा घरांच्या माणसांसमोर उभं राहावं आणि यातली कोणती समाधी हलवली, ते बोट ठेवून दाखवावं.