पायपेटीवाले अंकल आणि माझ्या लग्नाचं गीत

कोणी कोणाशी लग्न करावं हे सांगणारी माणसं जगात पुष्कळ भेटतात. पण त्या लग्नात काय वाजावं हे बिनचूक सांगणारा माणूस परमेश्वराने एकच घडवला आणि तो आमच्या वाशीत, सिडकोच्या इमारतीत तळमजल्यावर आणून ठेवला, असं माझं ठाम मत आहे. आम्ही त्यांना पायपेटीवाले अंकल म्हणायचो. मूळचे वसईचे. दिवसा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आणि उरलेल्या वेळात आमच्या छोट्या चर्चचे वादक. पायांनी भाता हलवत हातांनी वाजवायची ती जुनी पेटी त्यांच्याशिवाय कोणालाही दाद देत नसे.

लग्न ठरलं की जोडप्याने आधी फादरना भेटायचं आणि मग अंकलना, अशी रीतच पडून गेली होती. फादर त्या मानाने सोपे. अंकल वही उघडून बसत आणि उलटतपासणी सुरू होई. नवरीच्या सँडलची टाच किती उंच? नवरदेवाची आई रडणारी आहे का? असेल, तर वेदीवरच्या अर्पणाच्या वेळी ते मुद्दाम दणदणीत गीत घालत, "म्हणजे माउलीला मोकळेपणी रडता येतं." चर्चच्या रजिस्टरवर सह्या करताना फोटोग्राफर फार मध्ये मध्ये करणारा असेल, तर तिथलं गीत दोन कडव्यांनी वाढे. एकदा एका नवरदेवाने सिनेमातल्या गाण्याची धून मागितली. अंकलनी शांतपणे विचारलं, "पिक्चरमध्ये शेवटी त्या दोघांचं काय होतं?" तो म्हणाला, "मरतात." "मग? तुला एवढी घाई कसली?" असं म्हणून अंकलनी वही मिटली. पंख्यांशी तर त्यांचं हाडवैर होतं. पंख्याचा घरघराट सुरात मिसळतो म्हणून ते सगळे पंखे बंद करायला लावत. मे महिन्यातल्या लग्नांत सुटाबुटातली वऱ्हाडी मंडळी घामाने न्हाऊन निघत आणि अंकल मात्र प्रसन्न चेहऱ्याने वाजवत असत.

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात वेगळीच चिंता होती. नवरीला तिचा बाप हात धरून दारापासून वेदीपर्यंत नेतो, ही आमच्यातली पद्धत. पण आदल्या वर्षी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि डावा पाय फरफटत यायचा. उरणच्या काकांनी परस्पर ठरवून टाकलं की मला तेच नेतील. पप्पांनी लग्नासाठी काढून ठेवलेले बूट परत कपाटात ठेवले. ते मला फार लागलं.

अंकल वही घेऊन आले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पोरीला आणणार कोण?" तिथेच बसलेले काका पुढे सरसावले. पण त्यांच्याआधी पप्पाच म्हणाले, "भाऊ आनील, मास्तर. माजा पाय आता कामाचा नाय रायला. सगल्यांसमोर तमाशा कशाला?"

"जरा दारापर्यंत चालून दाखवा," अंकल म्हणाले.

काका भडकले. "तुमी गानी निवडायला आलाव का डॉक्टरकी करायला?"

अंकलनी तिकडे लक्षच दिलं नाही. पप्पा उठले, भिंतीला धरत दारापर्यंत गेले आणि परत आले. उजवं पाऊल पटकन, डावं सावकाश. अंकलची बोटं टेबलावर तसाच ठेका धरत होती. मग ते एखादा शोध लागल्यासारखे ओरडले, "तीन मात्रा! भाऊ, तुमचं पाऊल तीन मात्रांत पडतंय. आम्ही सगळ्या लग्नांत चार मात्रांचा मार्च वाजवतो, त्यावर तुम्ही अडखळणारच. पाय बरोबर आहे तुमचा. गीत चुकीचं होतं."

मग त्यांनी मारियामातेचं एक जुनं, संथ मराठी गीत निवडलं. पण नुसतं निवडून थांबतील तर ते अंकल कसले! पप्पांचं पाऊल अंगात मुरायला हवं म्हणून त्यांनी गायकवृंदातल्या सगळ्यांना चर्चच्या आवारात डावा पाय ओढत, गात फेऱ्या मारायला लावल्या. समोरच्या सोसायटीतल्या बायका गॅलरीतून विचारायला लागल्या, "कसली साथ आलीय का हो?" इकडे घरी पप्पा रोज संध्याकाळी पॅसेजमध्ये तेच गीत गुणगुणत चालायचे. झटक्यानंतर त्यांना गाताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि स्वयंपाकघरात तोंड लपवून रडत होते.

लग्नाच्या दिवशी आम्ही निम्म्यापर्यंत छान गेलो. तिथे पप्पा थांबले. त्यांनी सगळा भार माझ्या हातावर टाकला. पहिल्या बाकावरून काका उठले. अंकल आमच्याकडे पाठ करून बसलेले. पण त्याच क्षणी गीतही थांबलं. भाता हलवत अंकलनी एकच सूर धरून ठेवला आणि सगळा गायकवृंद त्या सुरावर गुणगुणत राहिला. काका खाली बसले. पप्पांनी श्वास घेतला, माझा हात दाबला, उजवं पाऊल पुढे टाकलं आणि गीत त्याच शब्दापासून पुढे निघालं. वेदीपाशी त्यांनी माझा हात स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या हातात दिला. ते सगळं तसंच बसवलेलं होतं, असं लोकांना वाटलं. उरणच्या एका मावशीने तर आपल्या मुलीच्या लग्नातही मध्ये असंच थांबायचं म्हणून हट्ट धरला.

"तुम्हाला कळलं कसं?" मी नंतर अंकलना विचारलं.

"बूट घासायचा थांबला ना. पंखे चालू असते तर ऐकू आलं असतं का?"

त्यानंतर तीन वर्षांनी पप्पा गेले. त्यांच्या मातीलाही पेटी अंकलनीच वाजवली. पुढे ते निवृत्त होऊन वसईला मुलाकडे गेले. परवा मी त्यांना भेटायला गेले होते. बरंच विसरतात आता. मला ओळखायलाही त्यांना वेळ लागला, पण ओळखल्यावर चेहरा खुलला. माझा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "आणि पप्पा? चालतात ना?"

मला खरं सांगवेना. "चालतात, अंकल. हळूहळू."

"हळूच चालू दे," ते म्हणाले. "त्यांना सांग, आम्ही थांबतो."