सहा ते सात

ताई गेल्या त्या संध्याकाळी मी त्यांना दोनदा फोन लावला होता. बंद लागला आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सहा ते सात त्यांचा फोन बंदच असायचा. आठच्या सुमारास त्यांच्या शेजारच्या दुबेबाईंचा फोन आला, "भाभीजी, दीदी दरवाज़ा नहीं खोल रही हैं. बत्ती भी नहीं जलाई." आम्ही पालघरहून बोईसरला पोहोचेपर्यंत दुबेंनी किल्लीवाल्याला बोलावून दार उघडलं होतं. ताई गॅलरीतल्या खुर्चीत बसलेल्या होत्या... डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं, त्यांना कळलंही नसेल. फोन आत फ्रिजवर होता.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची, प्रमोदची, थोरली बहीण. लग्न केलं नाही. तारापूरच्या एका औषधांच्या कारखान्यात, माल रवाना करायच्या विभागात, त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीला चारेक महिने उरले होते. त्यानंतर त्या बोईसरचं घर सोडून आमच्याकडे, सासूबाईंजवळ राहायला येणार हे घरात ठरलेलं होतं. कोणी ठरवलं ते मात्र सांगता येणार नाही. मी कामं आधीच उरकून टाकणारी बाई. मागची खोली रंगवून घेतली, कपाट आणलं, गॅलरीला जाळी बसवली. त्या संध्याकाळचा माझा फोनही सामानाच्या टेम्पोची तारीख विचारायलाच होता. ताईंचं उत्तर प्रत्येक वेळी एकच असे, "बघू."

हे "बघू" हनोईहून आलं. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आमच्याकडे जेवताना ताईंनी सांगून टाकलं, की साठलेली रजा घेऊन त्या तीन महिने व्हिएतनामला, हनोईत राहणार आहेत.

"तिथे कोण आहे आपलं?" प्रमोदने विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय? इतकी वर्षं खोक्यांवर हनोई, हनोई लिहितेय. जातात कुठे ती, बघून येते."

मी म्हटलं, "निवृत्त झाल्यावर निवांत जा की, ताई." त्या हसल्या. "तेव्हा मला कोण सोडणार आहे गं? आत्ता रजा आहे म्हटल्यावर परत येणार हे तुम्हाला पटतं तरी."

प्रमोद रागावला. मी ताईंची बॅग भरायला बोईसरला गेले. गोळ्या, प्लगचा अडॅप्टर, पासपोर्टच्या झेरॉक्स आणि सासूबाईंनी दिलेली बोंबलाची चटणी. चटणी ताईंनी काढून परत माझ्या पिशवीत घातली. "तिथे मिळतील गं बोंबील. समुद्र काय आपल्याकडेच आहे?"

हनोईत त्यांनी तळ्याजवळच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली होती. फोन फक्त रविवारी करत. सकाळी तळ्याकाठी बायका व्यायाम करतात, त्यांच्या मागच्या ओळीत आपणही उभ्या राहतो म्हणाल्या. तिथला रस्ता ओलांडायला त्यांना आठवडा लागला. स्कूटरींची रांग तुटतच नाही. शेवटी एका म्हातारीने हाताला धरून शिकवलं, थांबायचं नाही, पळायचंही नाही, एका चालीने चालत राहायचं, गाड्या आपल्या बाजूने जातात. एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांनी बाजारातली सुकी मासळी दाखवली. सासूबाई फोनजवळ डोळे नेऊन म्हणाल्या, "आपल्या सातपाटीसारखी नाय. मीठ कमी हाय."

"तू ये ना मग, शिकव त्यांना."

"मी आले तर तुलाच कामाला लावीन."

"म्हणूनच एकटी आलेय," ताई म्हणाल्या. दोघी खूप हसल्या.

संध्याकाळी काय करता, असं मी एकदा विचारलं. "बसते." आणि? "आणि काही नाही. फोन बंद करते आणि तळ्याकडे बघत बसते. इथे मला कुणी ताई म्हणत नाही. पहिले काही दिवस फार जड गेलं गं ते..."

रजा संपल्यावर त्या ठरल्याप्रमाणे परत आल्या, पण सहा ते सात फोन बंद ठेवायची सवय घेऊन. बोईसरला तळं कुठलं? गॅलरीसमोर कंपन्यांच्या बसगाड्या, सालवड गावाकडे परतणारे कामगार आणि वारा फिरला की नाकात जाणारा कारखान्यांचा आंबूस वास. तरी त्या तिथेच बसत. प्रमोदला हे फार लागे. कारखान्यातून सुटल्यावरची ताईंची हीच वेळ इतकी वर्षं आमची होती. आईच्या गोळ्या कुठल्या संपल्या, विजेचं बिल एवढं कसं आलं, सगळं आम्ही तेव्हाच विचारायचो.

आता तो दिवसातून एकदा तरी म्हणतो, "फोन चालू असता तर..." डॉक्टरांचं म्हणणं त्याला पाठ आहे, पटलेलं नाही. माझी तगमग वेगळी आहे. त्या आमच्याकडे येणार होत्या की नव्हत्या? त्यांचं घर मीच आवरलं. बांधलेलं एकही खोकं सापडलं नाही. पण चार महिने आधी बांधाबांध करतं तरी कोण? नवीन कपाट रिकामं आहे. त्यात काय ठेवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि असं माझं सहसा होत नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी, साडेसहाच्या सुमारास, सासूबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. प्रमोदने पुन्हा तेच काढलं. त्यांनी मान वर केली नाही.

"चालू असता तर काय केलं असतंस?"

"लगेच गेलो असतो, आई."

"तुला ठावं कसं झालं असतं? माझ्या गोळ्या कुठं ठेवल्यात तेच इचारलं असतंस. नायतर हिने टेम्पोचं." सोललेले दाणे त्यांनी ताटात टाकले. "बसली होती ना ती? बसू दे की तिला."

ओट्यावर माझा फोन वाजायला लागला. मी उठले.

"वाजू दे," सासूबाई म्हणाल्या आणि अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या.