सर्वांनी लाभ घ्यावा

बोलण्याआधी चाचा हनुवटीवर बोटाने तीनदा टकटक करत. समोर माईक असो वा नसो. आमच्याकडे चहाला आले तरी उंबऱ्यात उभं राहून आधी टकटक, मग घसा साफ, मग, "आवाज पोचून राह्यला का, गुरुजी?" मी तीन हातांवर बसलेला असे. पोचला म्हटलं की मगच साखर कमी घालायला सांगत.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. देऊळघाटात आमचे चाचा होते. लुनाच्या मागे बॅटरी, पुढे भोंगा. नळ कधी येणार, पोलिओचा डोस कुठे आहे, कुणाची म्हैस चुकली, कुणाची मय्यत किती वाजता निघणार, सगळं त्यांच्याच तोंडून कळे. मी शाळेत मास्तर, म्हणून मजकूर मी सांगायचा. चाचा तो सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला उर्दू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे उतरवून घेत आणि भोंग्यातून ठणठणीत मराठी बाहेर पडे. शेवट तेवढा लिहावा लागत नसे, तो तोंडात बसलेला होता. "तरी सर्व गावकऱ्यांनी याचा अवश्य लाभ घ्यावा!" दोन दिवस नळ बंद राहणार असले तरी त्याचाही लाभ घ्यावा. आम्ही हसायचो, आणि नळ बंद असल्याचं लक्षातही राहायचं.

बीटी कपाशीचं बियाणं नवीन आलं, त्या वर्षी कंपनीच्या माणसाने चाचांना आठ दिवसांसाठी ठरवलं. त्याने दिलेला मजकूर चाचांना मिळमिळीत वाटला. त्यांनी पदरचं एक वाक्य घातलं, "अळी शोधून दाखवा!" पोरंटोरंही खेळताना तेच ओरडायला लागली. बियाण्याच्या दुकानापुढे रांगा लागल्या. पहिली काही वर्षं ते वाक्य खरंही होतं, हे सांगायला हवं.

मग गुलाबी अळी आली. बोंड वरून टवटवीत दिसायचं आणि आत कापसाची कवडी झालेली असायची. आमच्या शेजारच्या काशीआजीने एका सकाळी लुना थांबवली, चाचांच्या तळहातावर एक बोंड ठेवलं आणि अंगठ्याने फोडलं. आत अळी वळवळत होती.

"घ्या भाऊ. तुमी म्हनत होते ना, शोधून दाखवा."

आजी रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, असं चाचा पुढे कितीदा तरी म्हणाले. ती नुसती दाखवून निघून गेली, कपाशीची पऱ्हाटी उपटायला.

त्या दिवसापासून चाचांनी एक खोड लावून घेतली. "पाह्यल्याशिवाय बोलत नाही." साड्यांचा सेलवाला एकावर एक फुकट म्हणाला, तर यांनी त्याचे गठ्ठे सोडायला लावले. एका जादूगाराला म्हणाले, "मुंडकं कापून जोडता ना? पहिले मले दाखवा." तो जादूगार दुसऱ्या गावाला गेला. मय्यत सांगायची असली तरी आधी त्या घरी जाऊन दहा मिनिटं बसत आणि मगच लुनाला किक मारत. आम्ही चिडवायचो, "चाचा, माणूस खरंच गेला ना?" ते शांतपणे म्हणत, "हाव. पाहून आलो."

आणि अशा माणसापुढे एका वर्षी वादळ येऊन उभं राहिलं.

उठलं होतं कुठे तर दूर समुद्रात. पण हॉटेलातल्या टीव्हीवर लाल भोवरा गरगर फिरत होता आणि निवेदक असा ओरडत होता, जसं काही वादळ त्याच्या खुर्चीखालीच शिरलं आहे. विदर्भावर महासंकट! दुपारपर्यंत दुकानातल्या मेणबत्त्या संपल्या. एकाने बाज लिंबाच्या झाडाला बांधून टाकली. आमच्या सौभाग्यवतींनी लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली नेल्या आणि माझी पुस्तकं ओट्यावरच राहिली. कापूस नुकता फुटायला लागला होता. अर्धवट उमललेली बोंडं आत्ताच ओरबाडावीत की राहू द्यावीत, याच घोरात जो तो चाचांच्या दारात. "चाचा, येऊन राह्यलं का नाही ते? तुमी सांगा!"

तेवढ्यात तहसिलीतून सावधगिरीची चिठ्ठी आली. चाचा ती घेऊन माझ्याकडे आले. हनुवटीवर टकटक करायलाही विसरले होते.

"गुरुजी, येनार हाये का नाही?"

"शक्यता आहे, असं लिहिलंय."

"शक्यता भोंग्यातून कशी बोलू? भोंग्यातून आलं का लोकायले ते पक्कंच वाटते. आन् पाहून यायचं म्हनलं त समुद्राले आपल्या स्टँडावरून गाडी बी नाही."

मी म्हणालो, "चाचा, सरकारी काम आहे. सांगावं लागेल."

"सांगतो. पन या टायमालेबी खोटं निंघालं, त मले या गावात तोंड नाही राहनार."

गमतीत बोलत नव्हते. मी उगीच चष्मा पुसला.

लुना निघाली. वादळाची शक्यता आहे, पत्रे बांधून घ्या, जनावरं झाडाखाली बांधू नका, सगळं चाचांनी नीट, सावकाश सांगितलं. आणि शेवटी तोंडातली सवय तोंडातून निसटली. "तरी सर्व गावकऱ्यांनी या वादळाचा अवश्य लाभ घ्यावा!"

सकाळपासून घाबरलेलं गाव पोट धरून हसलं. चाचांचा चेहरा पडला. पण मी तर म्हणेन, त्या दिवशी गावाला धीर कुणी दिला असेल तर त्या चुकीने दिला.

थोड्या वेळाने एका चॅनेलची गाडी आली. बातमीदाराला पडझड हवी होती. पडलेलं काही नव्हतं, म्हणून गेल्या वर्षी पडलेल्या एका गोठ्यापुढे तो छत्री उघडून उभा राहिला. ऊन होतं. मग त्याला चाचा दिसले.

"चाचा, कॅमेऱ्यासाठी एकदा जोरात ओरडा. पळा, पळा, वादळ आलं!"

"आलं कुठं?"

"येणारच आहे हो."

चाचांनी भोंग्यावर हात ठेवला. "मी पळा म्हनलं त लोक पळतीन, साहेब. मंग तुमी जासान. त्यायले वापस कोन बलावन?"

बातमीदाराने छत्री मिटली.

वादळ आलं नाही. वाटेतच कुठेतरी वळलं. आमच्या वाट्याला बारा-पंधरा थेंब आले, तेही मोठे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर कुठल्याशा नटीचं लग्न लागलं होतं. काल ओरडणारा निवेदक आज हळदीविषयी तितक्याच जोरात ओरडत होता. काल काय म्हणालो, याची त्याला आठवणही नव्हती.

तेवढ्यात लुनाचा आवाज आला. कुणी पाठवलं नव्हतं, पेट्रोल पदरचं. हॉटेलातून आम्ही सगळे बाहेर आलो.

"हॅलो. काल सांगतलेलं वादळ आलं नाही. चुकलं. कच्ची बोंडं तोडू नोका, पुरी उमलू द्या." लुना काशीआजीच्या दारापुढे थांबली. भोंगा जरासा खरखरला. "अजून एक. लई सालं झाले, मी अळी शोधून दाखवा म्हनलं होतं. थे बी चुकलं. ध्यानात घ्यावं."

त्या दिवशी 'लाभ घ्यावा' आलं नाही. मला तर चाचांकडे बघवेना. इतक्या वर्षांनी माफी मागायची, तीही भोंग्यातून! कंपनीचा तो माणूस तर पुन्हा गावात दिसलाही नव्हता.

काशीआजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "घ्या भाऊ. घसा सुकला असन." चाचांनी पाणी घटाघट पिऊन टाकलं. मग हनुवटीवर टकटक करून विचारलं, "आवाज पोचला का, काकू?"

"पोचला."

चाचांना जाऊन आता तीन पावसाळे झाले. ते होते तोवर कुणी वादळाचं नाव काढलं की गाव म्हणायचं, "चाचा, लाभ घेऊ का?" आणि ते स्वतःच आधी हसायचे.

परवा पुन्हा टीव्हीवर तो लाल भोवरा फिरायला लागला. हॉटेल गच्च भरलं. काशीआजी काठी टेकत आली, थोडा वेळ पाहत राहिली आणि हॉटेलवाल्याला म्हणाली, "बंद कर बे त्याले. काही आयकू येऊन नाही राह्यलं."

त्याने टीव्ही बंद केला. मग आम्ही सगळेच रस्त्याकडे कान लावून बसलो.