तळ्यातली शाळा

गावाचा इतिहास शिकवायला मी इंटरनेटवरच्या संग्रहातला एक जुना फोटो वर्गात पडद्यावर लावला. मोठं तळं, दगडी पायऱ्या, धुणं आपटणाऱ्या बायका. कडेच्या मारुतीच्या देवळावरून मुलांनी जागा ओळखली.

"बाई, मग आपली शाळा कुठंय?" सानिकानं विचारलं.

देवळापासून मी बोट सरकवत नेलं. ते पाण्याच्या मधोमध थांबलं.

विसर्जनाला नगरपालिका आमच्या मैदानात प्लास्टिकची टाकी ठेवते. सगळं गाव गणपती घेऊन इथंच येतं. टाकी इथंच का ठेवायची, ते कुणालाच सांगता येत नाही. तळं बुजवलं, विसरूनही गेलो. पाय मात्र अजून पाण्याकडेच वळतात.

पडदा गुंडाळताना भिंतीची ओल हाताला लागली. दर मे महिन्यात आम्ही तिच्यावर नवा रंग चढवतो.