तालमीतली पीएचडी

आमच्या गल्लीतला पैलवान तालीम बघायला येणाऱ्या पर्यटकांवर पीएचडी करत होता. दिसेल त्याच्या खांद्यावर पंजा टाकून तो विचारी, "पावणं, कुस्ती बघून काय वाटलं?" त्या पंजाखाली सगळे खरं बोलत. गल्ली मात्र हसायची.

"फिरायला येणाऱ्यांवर कसली रं पीएचडी?"

"हाय की. बघशीला."

शेवटच्या तोंडी परीक्षेला अख्खी तालीम सभागृहात बसली. बाहेरगावच्या परीक्षकांनी त्याचा चांगला घाम काढला आणि अखेर पदवीची शिफारस जाहीर केली. आता आभाराचं लांबलचक भाषण होणार, म्हणून मी मागे टेकलो. तो मात्र हात जोडून, कुस्ती जिंकलेला मल्ल बक्षीस घेत मैदानात फिरतो तसा, खुर्च्यांमधून फिरू लागला. लोकांनी सवयीने नोटा काढल्या. तो परीक्षकांसमोर पोचला, तेव्हा तेही खिसा चाचपत होते.