गाळगाडीच्या चपला

पंडितकाकांनी काश्मीरातून बर्फावरची स्कूटर पळवून आणलीय, हे आमच्या पालीत सगळ्यांना माहीत आहे. एका दमात नाही. सतरा वर्षं दर सुट्टीला ट्रंकेतून एकेक पार्ट आणला म्हणे. पहिल्या सुट्टीला नट, दुसऱ्या सुट्टीला बोल्ट, आणि हॅंडल आणलं त्या सुट्टीला काकांना एसटीत दोन तिकिटं काढावी लागली. ती स्कूटर आता घरामागच्या कडब्याच्या गंजीत लपवलेली आहे. आमच्या वर्गातल्या सत्यमनं तर गंजीतून बाहेर आलेलं हॅंडल स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. "आईशप्पथ, लालभडक व्हतं," असं तो सांगतो आणि सांगताना त्याची उजवी भुवई वर जाते. खरं बोलताना त्याच्या भुवया जागेवर असतात.

आता खरं काय ते. हॅंडल होतं, पण ते काकांच्या सासऱ्याच्या मोडक्या लुनाचं. काश्मीरातून काकांनी तीनच गोष्टी आणल्या: एक काळी ट्रंक, एक लोकरीची कानटोपी, जी ते मे महिन्यातही काढत नाहीत, आणि हिंदी. ते सैन्याच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. बर्फावरच्या स्कूटरला पुढं चाकाच्या जागी दोन घसरपट्ट्या असतात आणि मागं रणगाड्यासारखा पट्टा. असल्या स्कूटरी काकांनी शेकड्यानं दुरुस्त केल्या. चालवली मात्र एकदाच, वर्कशॉपच्या दारापासून पेट्रोलच्या पिंपापर्यंत. "बीस कदम," ते स्वतःच सांगतात. "लेकिन क्या बीस कदम!"

मी संस्कृती, अकरावीला आहे, आणि गावातल्या बहुतेकांचे आवाज माझ्याकडे आहेत. सध्या मात्र ते कुलपात आहेत. का, ते शेवटी येईल. लिहायला कुणी बंदी घातलेली नाही.

पंडितकाकांचा आवाज काढायला सगळ्यात सोपा. वाक्य 'सुनो जवान' म्हणून निघतं, मधेच मराठीवर येतं आणि 'ओके?' म्हणून थांबतं. समोरचा ओके म्हणत नाही तोवर पुढचं वाक्य सुटत नाही. म्हशीलाही ते ओके विचारतात. म्हैस उत्तर देत नाही, मग सगळं तिथंच अडून राहतं, म्हणून धारा जानकीकाकू काढतात.

काकू म्हणजे काकांच्या बायको. ही सगळी भानगड त्यांच्या खरबुजांमुळं झाली.

बिंदुसरा धरणाचं पाणी हिवाळ्यात मागं सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळात आमच्याकडं पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. यंदा काकूंनी पहिल्यांदाच स्वतः हट्ट करून एक पट्टी धरली आणि तिच्यात खरबुजं लावली. आजवर घरातलं प्रत्येक पीक 'आमच्या ह्यांचं' होतं. खरबुजं 'माझी' होती. काकू रोज जाऊन एकेकाला थापटून यायच्या. एका मोठ्या खरबुजाला तर त्या 'बाळा' म्हणायच्या, हे मी कानानं ऐकलंय.

आणि मार्चमध्ये, फळं पिकायला आणि अवकाळी यायला एकच गाठ पडली. दोन दिवस कोसळला. गाळाची लापशी झाली. पट्टी दोनशे पावलांवर दिसत होती, पण माणूस उतरला की गुडघ्यापर्यंत आणि बैल उतरला की पोटापर्यंत. ट्रॅक्टरवाला तर फोन बंद करून घरापर्यंत. तिकडून वारं सुटलं की खरबुजांचा वास रस्त्यावर यायचा आणि काकूंचा जीव कासावीस व्हायचा.

"चार दिसात तोडली न्हाईत तर फुटत्यात," त्या म्हणाल्या. "मग काय बांधावर बसून नुसता वास घेऊ व्हय?"

काका उठले, कानटोपी नीट केली आणि म्हणाले, "सुनो जानकी. गाळ म्हणजे गरम बर्फ. ओके?"

काकू काही बोलल्या नाहीत, त्यामुळं काका बराच वेळ तसेच उभे होते.

त्याच दिवशी गाडी तयार झाली. मागं पावर विडरचं, म्हणजे तण काढायच्या छोट्या यंत्राचं, इंजिन आणि त्याची लोखंडी जाळीची चाकं. मधे बसायला जुन्या दाराची फळी. पुढं धान्याच्या कोठीचा पत्रा कापून केलेल्या दोन लांब घसरपट्ट्या, टोकं पापडासारखी वर वळलेली. त्यांच्यावर लुनाचं ते गाजलेलं हॅंडल. काका घसरपट्ट्यांना स्की म्हणत होते, गाव चपला म्हणालं, आणि गावच जिंकलं.

पट्टीकडं जाताना वाटेत बाभळीचं एक खोड आहे. तिथं डावीकडं वळलं की खरबुजं. नाही वळलं की समोर म्हशींचं डबकं.

पहिल्या फेरीला गाडी गाळावरून अशी निघाली, की काठावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. कुठं रुतणं नाही, फसणं नाही. खोड आलं. काकांनी हॅंडल डावीकडं वळवलं. चपला वळल्या. गाडी वळली नाही. वाकड्या चपला घेऊन ती सरळ, अगदी सावकाश, डबक्यात जाऊन बसली. दोन म्हशींनी मान वळवून बघितलं.

काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. "सुनो जवान! तरंगणं पास, वळणं फेल. ओके?"

"ओके न्हाई!" काकू काठावरून ओरडल्या.

संध्याकाळी दारात बसून काकांनी मला त्यातलं कारण सांगितलं. सपाट पत्रा घसरतो मस्त, पण त्याला धरायला काही नसतं. हॅंडल वळलं तरी तो आडवा घसरत पुढंच जातो. म्हणून बर्फावरच्या स्कूटरच्या घसरपट्टीला खालून लोखंडी पट्टी मारतात, आपण बैलाच्या खुराला पत्री मारतो तशी. ती बर्फात रुतून धरते, तेव्हा गाडी ऐकते.

"चप्पल तरंगवते, जवान. नाल वळवते. अब सवाल एकच, नाल कोणती? ओके?"

मी ओके म्हणाले. मग काय, सगळं गावच नाल निवडायला आलं.

सगळ्यात आधी अर्जुनराव. शेती मोठी, माजी सरपंच, आणि समोर माईक नसला तरी आहे असं समजून बोलायची सवय. आधी घसा: "हंऽऽ." मग, "माझं म्हणणं असं हाय की..." आणि पुढं जे म्हणणं येतं ते त्यांचंच असतं, दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. ते आपल्या पेरणीच्या तिफणीचे दोन लोखंडी फण घेऊन आले होते.

"माझं म्हणणं असं हाय की, लोखंड माझ्या आज्याच्या टायमाचं हाय. असलं आता मिळत न्हाई. हेच लावा."

"लेकिन अर्जुनराव," काका म्हणाले, "फण सरळ जायला बनवलाय."

"मंग वाकडं जायला कोण लोखंड बनवतंय का बे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडं पेरणी कुणाची चांगली, हे तास, म्हणजे जमिनीत ओढलेली पेरणीची रेघ, किती सरळ निघालं त्यावर ठरतं. सोयरीक जमवायला आलेला माणूससुद्धा जाता जाता रानातली तासं बघून घेतो. तेव्हा वाकडं जायला लोखंड मागणाऱ्या काकांकडं गाव जरा काळजीनंच बघत होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चपलांना फण बसले. गाडी निघाली. फण गाळात उतरले, आणखी उतरले, आणि खोडाजवळून पुढं दोन तासं काढत गाडी अशी सरळ गेली की दोरी धरावी. डबक्याच्या अलीकडं इंजिन गुदमरून बंद पडलं. गाडी फसली, काका फसले, आणि काठावरचं अख्खं गाव काय करत होतं? एक डोळा मिटून, खाली वाकून, तासं बघत होतं.

"हंऽऽ! बघा!" अर्जुनरावांनी तासाला हात जोडले. "असं तास माझ्या बैलांनी बी काढलं न्हाई."

"ह्यात आता करडई टाकून घ्या," कुणीतरी म्हणालं.

सत्यमनं फोटो काढले. काकू मात्र कमरेवर हात ठेवून पुढं आल्या. "माझी खरबुजं तिकडं, आन तुमी हितं पेरणी काढली व्हय?"

मग तिसरी नाल. काकांनी गाव बाजूला सारलं आणि घरकुलाच्या बांधकामातून उरलेली सळई घेतली. प्रत्येक चपलेखाली एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली, खोडापाशी आली आणि खरंच वळायला लागली. जड वळत होती, काकांचे दात दिसत होते, पण वळत होती. मी टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात अर्जुनरावांचं ते ऐतिहासिक तास आडवं आलं. सळई त्यात उतरली. उतरली ती उतरलीच. एसटी स्टॅंडात शिरावी तशी गाडी तासात शिरली आणि तासातासानं थेट डबक्याकडं. या वेळी म्हशींनी बघितलंही नाही. थोडं सरकून जागा दिली.

आता एकच दिवस उरला. काठावर येणारा वास इतका वाढला होता, की काही खरबुजं फुटायला लागली असणार. काकू बोलायच्या बंद झाल्या होत्या आणि काका 'ओके?' विचारायचे बंद झाले होते. दोघांच्यात कुणाचं जास्त वाईट होतं सांगता येत नाही.

दुपारी कॉलेजला निघताना आईनं ताक द्यायला पाठवलं म्हणून मी दप्तरासकट त्यांच्याकडं गेले. काका जेवत होते. म्हणजे जेवत नव्हते. ताटातल्या पिठल्यात बोटानं रेघ ओढत होते. एक रेघ ओढली. पुन्हा बोट तिरकं नेलं, तर ते त्याच रेघेत जाऊन पडलं. पुन्हा नेलं, पुन्हा पडलं.

"आवं, जेवा की," काकू म्हणाल्या. "ल्हान हाव का तुमी?"

काकांनी दुसरं बोट शेजारी टेकवलं. दोन बोटं तिरकी नेली. एक बोट जुन्या रेघेत पडलं, पण तेवढ्यात दुसरं न मोडलेल्या पिठल्यात होतं. त्यानं धरून ठेवलं. बोटं रेघ ओलांडून पलीकडं गेली. काका बघतच राहिले. मग त्यांनी दोन्ही बोटं आडवी झोपवली आणि फिरवून बघितली. जड. उभी करून नुसती पेरं टेकवली आणि फिरवली. लोण्यासारखी फिरली.

"जानकी!" काका ओरडले. "पट्टी आण!"

"भाकर आणू का?"

"मोजायची पट्टी! जवान, माझी बोटं पकड, अंतर हलू देऊ नको!"

पिठल्यानं माखलेली काकांची दोन बोटं मी हवेत धरून ठेवली आणि काकूंनी माझ्याच दप्तरातली पट्टी लावून अंतर मोजलं. दोन इंचाला एक रेघ कमी. मग काकांनी सगळं संशोधन भाकरीबरोबर खाऊन टाकलं.

संध्याकाळपर्यंत वेल्डिंग झालं. प्रत्येक चपलेखाली दोन बारक्या सळया, शेजारी शेजारी, आणि त्याही आखूड, फक्त मधल्या भागात. पुढचं आणि मागचं टोक मोकळं.

चौथ्या दिवशी सकाळी मी काठावर उभी होते आणि पोरांना काकांचं 'तरंगणं पास, वळणं फेल' करून दाखवत होते, पाण्यासकट. पोरं लोळत होती. मागून आवाज आला.

"सुनो जवान. आज वळणार. पैज?"

"पैज!" मी म्हणाले. "म्हशी वाट बघायल्यात, काका."

"वळली नाही तर मी ही टोपी उतरवून तुझ्या हातात देणार. वळली तर आठ दिवस तू कुणाचा आवाज काढायचा नाही. ओके?"

त्या टोपीखाली काय आहे हे गावात कुणी बघितलेलं नाही. मी लगेच ओके म्हणाले.

काका निघणार तोच काकू रिकामे क्रेट घेऊन फळीवर पुढं जाऊन बसल्या. "माझी खरबुजं मीच तोडणार."

"बैठो बैठो," काका खुश झाले. "पुढं वजन पाहिजेच होतं. त्याशिवाय नाल धरत नाही."

"वजन कुणाला म्हणायलाव?"

पुढचं भांडण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

गाडी खोडापाशी आली. वळायला लागताच अर्जुनरावांचं तास आडवं आलं. डावी चप्पल किंचित अडखळली, काकूंनी फळी घट्ट धरली, आणि गाडी तास ओलांडून गेली. मग काकांनी एका हातानं, हो, एका हातानं हॅंडल पुरतं वळवलं आणि गाडी खोडाला वळसा घालून डावीकडं गेली. डबक्यातल्या म्हशी उभ्या राहिल्या.

काठावर सगळे ओरडायला लागले. फक्त अर्जुनरावांनी घसा साफ केला. "हंऽऽ. वळली. पण माझं म्हणणं असं हाय की, वळणात सरळपणा न्हाई."

दुपारपर्यंत फेऱ्या चालल्या. बरीचशी खरबुजं शाबूत निघाली. 'बाळ' तर काकूंनी क्रेटात ठेवलंच नाही, मांडीवर आणलं. पहिलं फुटकं खरबूज त्यांनी म्हशींना नेऊन दिलं. दोनदा त्रास झाला होता त्यांना.

आज पैजेचा पाचवा दिवस. काका रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. काल तर मुद्दाम अर्जुनरावांना घेऊन आले आणि त्यांना गाळगाडीबद्दल विचारलं. "हंऽऽ," अर्जुनराव सुरू झाले, "माझं म्हणणं असं हाय की..." असं लागोपाठ चार वेळा. माझ्या घशात अशी खाज सुटली की डोळ्यांत पाणी आलं. मी ओढणी तोंडात धरली.

अर्जुनराव गेल्यावर काकांनी टोपी कानांवर घट्ट ओढली आणि माझ्याकडं बघितलं. "सुनो जवान. और चार दिन. ओके?"

मी गप्प बसले. काकाही गप्प बसले. आई जेवायला बोलवून दमली, ओट्यावरचं ऊन सरकलं, तरी काका हलेनात.

शेवटी मी माझ्याच आवाजात म्हणाले, "ओके."